भानारकर सरांचा पहिला फेर

भानारकर सर रोज सकाळी दहा वाजता एका माणसाला फोन लावतात. पलीकडचा माणूस फोन उचलतो. सर म्हणतात, "बाबा, लागलो कामाले." पलीकडून काहीही उत्तर येत नाही. कधी कोंबडा ऐकू येतो, कधी कोणाची तरी मोटरसायकल जाते, एकदा बराच वेळ बकरी ओरडत होती. मग पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो आणि सर समाधानानं मान हलवून बॅचकडे वळतात.

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकते, कारण सरांचा फोन कानाला लावला तर त्यातून आवाज येत नाही. त्यामुळे ते सगळं बोलणं स्पीकरवर करतात. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर म्हणतात, लपवण्यासारखं काय हाये त्याच्यात? आता यावर काय बोलणार. लपवायला आधी दोन्हीकडून काहीतरी बोलणं तर व्हायला पाहिजे.

चंद्रपुरात आमचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. मी रामटेके मॅडम. टायपिंग आणि एक्सेल शिकवते, नवीन पोरांची नावं लिहून घेते, सुटताना पंखे बंद करते, आणि मालकांना शोधत कोणी आलं की ते नागपूरला गेलेत म्हणून सांगते. भानारकर सर पायथन शिकवतात. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एक प्लायवूडची भिंत आहे, पण ती छतापर्यंत जात नाही. म्हणून एक्सेल शिकवता शिकवता मी पायथनही ऐकते, मला पाहिजे असो की नसो.

सर पंचेचाळिशीचे, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, बरं का. शहरातल्याच तुकूम भागात एका खोलीत एकटे राहतात. पहिल्या आठवड्यातच मी त्यांना त्या फोनबद्दल विचारलं. सर म्हणाले, "आधी बाप, मंग आपण." आणि खडू घेऊन आत गेले. हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणतात, ते मोजायचं पोरांनी कधीच सोडून दिलंय.

मी धरून चालले होते की हे वाक्य पायथनचं आहे. कारण पायथनमध्ये खरंच तसा एक नियम निघतो. तिथे क्लास नावाची गोष्ट असते, म्हणजे वस्तूचा साचा. समजा, 'मासा' नावाचा साचा केला. कोणताही नवा मासा जन्माला आला की त्या साच्यातलं एक कलम सगळ्यात आधी चालतं, त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात, आणि ते त्या माशाला वजन लावून देतं. मग 'मरळ' नावाचा दुसरा साचा करायचा आणि सांगायचं की ही माशाची लेक. बापाचं सगळं तिला आयतं मिळतं. सर हे माशांवरच शिकवतात. पुस्तकात मोटारी आणि कंपनीतले कर्मचारी असतात, पण सर म्हणतात, मोटार जन्मताना पाह्यली का कोणी?

मरळीनं स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर बापाचा आपोआप चालतो. पण तिनं स्वतःचा लिहायला घेतला, म्हणजे समजा, मी पाण्याबाहेरही थोडा वेळ जगते असं त्यात टाकलं, की बापाचा बंद पडतो. मग मरळ जन्माला येते, पाण्याबाहेर जगते, सगळं करते, पण तिला वजन नसतं. वजन विचारलं की कॉम्प्युटर लाल अक्षरांत बोंबलतो की असलं काही या मरळीत नाही. उपाय एवढाच, की स्वतःच्या कन्स्ट्रक्टरच्या पहिल्या ओळीत 'सुपर' म्हणून बापाला हाक मारायची. तो येतो, वजन लावतो आणि जातो. पुढचं आपलं आपण लिहायचं.

सरांच्या तोंडी हे असं येतं, "लेकरू काई बोललं नाई तं बाप आपोआप बोलते. लेकरानं आपलं लिहाले घेतलं का बाप गप्प होते. मंग त्याले हाक मारा लागते. तो सोताहून येत नाई." मग खडू टेबलावर ठेवून पोरांकडे बघतात. "बजारात मरळ आणली आन् तिले वजनच नाई. काय विकता?" मागच्या बाकावर एखादा हसतो. सर हसत नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर भानारकर सर एक चांगले मास्तर म्हणून ओळखले गेले असते. पण त्यांना जगात जिकडेतिकडे बाप दिसतो.

क्लासच्या समोर गजूभाऊंची चहाची टपरी आहे. सर लिंबूचहा पितात. त्यांच्या मते लिंबूचहा हा चहाचा लेक, म्हणून आधी चहा पूर्ण व्हायला पाहिजे, मग लिंबू. एक दिवस गर्दीत गजूभाऊंनी रिकाम्या ग्लासात आधी लिंबूच पिळलं. सरांनी तो ग्लास हातात घेतला, वरून खाली बघितला, आणि अगदी शांतपणे विचारलं, "गजूभाऊ, याचा बाप कोण?" गजूभाऊंनी गाळणी खाली ठेवली. मी धावत जाऊन समजावलं की सर लिंबाबद्दल बोलताहेत, पण त्यानं प्रकरण जास्तच चिघळलं. पुढे बरेच दिवस सरांचा चहा मलाच आणावा लागत होता.

तर्री-पोह्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला दोन बाप, एक पोहे आणि एक तर्री, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा. पायथनमध्ये दोन बाप चालतात, फक्त डावीकडच्याचा मान आधी. म्हणून सर तर्री-पोह्याची प्लेट डावीकडून खायला घेतात आणि उजवीकडे नेऊन संपवतात. उजवीकडचा चणा मधेच उचललेला मी कधी पाहिला नाही. कोणी प्लेट फिरवली तर ते परत फिरवून घेतात.

मालकांच्या भाच्याचं लग्न होतं तेव्हा तर कहरच झाला. आम्ही दोघं आहेर द्यायला स्टेजवर गेलो. सरांनी नवरीकडे बघून मायेनं विचारलं, "बाई, घरून काय काय घेऊन आल्या?" त्यांना स्वभाव, आवाज, हाताची चव असलं काही विचारायचं होतं. पण नवरीचा काका पोलिसात. त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना मांडवामागे नेलं. मी तिथेच हातात लिफाफा घेऊन उभी. बऱ्याच वेळानं दोघं परत आले. काका नवरीच्या आईला म्हणाले, माणूस बरा आहे, हुंड्याबिंड्याचं काही नाही, मासे सांगतो. तरी जेवताना ते सरांच्या शेजारीच बसले.

माझ्या वडिलांना मात्र सर भयंकर आवडतात. वडील निवृत्त शिक्षक, आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. सर एकदा आमच्याकडे जेवायला आले होते तेव्हा त्यांनी सांगितलं, की पायथनमध्ये कोणत्याही साच्याचा बाप, मग त्याचा बाप, असं वर वर चढत गेलं की शेवटी सगळे एकाच मूळ साच्यापाशी जाऊन पोचतात. त्याचं नाव ऑब्जेक्ट. मरळ असो, मोटार असो, तहसीलदार असो, सगळ्यांचा मूळपुरुष तोच. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "हे आपण छप्पन सालापासून सांगून राह्यलो. तुमच्या कॉम्प्युटरले आत्ता समजलं का?" सर म्हणाले, उशीर झाला खरा. तेव्हापासून वडील भाजीबाजारात भेटेल त्याला सांगतात की आता मशीनसुद्धा मानते.

एका प्रश्नावर मात्र सरांची गाडी दर बॅचला अडते. कोणीतरी हुशार पोरगी हात वर करते आणि विचारते, सर, मरळीनं बापाला हाक मारली, बाप आला, त्याचं कलम चाललं, मग वजन बापाला लागायला पाहिजे ना, मरळीला कसं लागतं? सर म्हणतात, सेल्फ मरळीचाच असते. सेल्फ म्हणजे 'मी स्वतः'. बापाचं कलम चालतं तेव्हाही त्यातला 'मी' मरळच असते. "काम बापाचं, आंग लेकराचं," असं म्हणून सर दोन्ही हात हवेत पुढे धरतात, मागून कोणीतरी मनगट धरलंय अशासारखे, आणि तसेच थोडा वेळ उभे राहतात. वर्गात कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. प्लायवूडच्या अलीकडे माझ्याही शिरत नव्हतं.

एक दिवस स्टेपलर सापडेना म्हणून मी सरांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ होतं आणि जाळं विणायची बांबूची सुई, हाताच्या वितीएवढी. सुई जुनी, धरून धरून गुळगुळीत झालेली. रिळाचा दोरा मात्र अजून सोडलेलासुद्धा नव्हता. मी विचारलं, हे काय हो सर? सर म्हणाले, "ते सुरू व्हाचं हाये." कधी, म्हटलं. म्हणाले, बाबांनी पहिला फेर घातला की.

मग त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. सर गोंडपिपरीकडच्या एका लहानशा गावचे, ढिवरांच्या घरचे. गावाला मोठा तलाव आहे, त्यातली मासेमारी ढिवरांकडे. त्यांच्या घरात फेकायचं जाळं विकत आणत नाहीत, ज्याचं त्यानं विणायचं. पण अगदी वरचा पहिला फेर, ज्याला खालचं सगळं जाळं लटकतं, तो बापानं घालून द्यायचा. त्याच्याआधी पोरानं स्वतःच्या जाळ्याला सुई लावायची नाही. आणि ज्याचं स्वतःचं जाळं नाही, त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जागा नाही. मोठी मासेमारी असते त्या दिवशी सगळे आपापलं जाळं खांद्यावर टाकून पाळीवर उभे असतात. सर चप्पल घालून लांब, बाभळीखाली उभे असतात.

सर बारावीनंतर चंद्रपूरला शिकायला निघाले, तेव्हाच त्यांनी बाबांकडे फेर मागितला होता. म्हातारा उठला आणि तलावाकडे निघून गेला. तेव्हापासून दर दिवाळीला सर सुई आणि दोरा घेऊन गावी जातात, बाबांच्या खाटेवर नेऊन ठेवतात, आणि भाऊबीज झाली की तिथूनच उचलून परत आणतात. मधे आई गेली. सरांच्या लग्नाचं बघायला कोणी उरलं नाही, ते राहूनच गेलं.

"रागावून हायेत माह्यावर," सर म्हणाले. "मी पाणी सोडलं ना."

मी म्हटलं, अहो, मग तुम्हीच घाला की फेर, आजकाल मोबाइलवर सगळं शिकवतात. सर म्हणाले, गाठ येते मले. पण ते बिनबापाचं जाळं होते. मी स्टेपलर न शोधताच खण बंद केला.

या उन्हाळ्यात म्हाताऱ्याला लकवा मारला. सरांनी त्यांना चंद्रपूरला आणून दवाखान्यात ठेवलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला. मी डबा घेऊन जायची. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि सर त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट सरळ करत बसलेले असायचे. डॉक्टरांनी सांगितलं, आता या हातानं काही होणार नाही. तरी सर बोटं सरळ करतच राहिले. सुट्टी मिळाल्यावर म्हाताऱ्यानं सरांच्या खोलीवर यायला साफ नकार दिला आणि गावी गेला. तिथे सरांचा चुलतभाऊ सुरेश शेजारीच राहतो, तो आणि त्याची बायको खाण्यापिण्याचं बघतात.

फोन पूर्वीसारखाच चालू राहिला. "बाबा, लागलो कामाले." पलीकडे कोंबडा. पण सर बदलले. बटण लावायला विसरू लागले. गजूभाऊंनी लिंबू आधी पिळलं तरी निमूट प्यायले, तेव्हा गजूभाऊच घाबरले आणि मला बोलावून म्हणाले, मॅडम, सरांचं बरं आहे ना? आणि मग एक दिवस भिंतीपलीकडून एका पोरीचा आवाज आला, सर, एरर येऊन राह्यली. सरांनी फळ्यावर लिहिलेलंच सगळ्यांनी उतरवलं होतं. मी टाचा उंच करून भिंतीवरून बघितलं. पहिली ओळच नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सर बापाला हाक मारायची विसरले होते. साऱ्या वर्गाच्या मरळी बिनवजनाच्या निघाल्या. सर खडू टेबलावर ठेवून म्हणाले, आज इथीच थांबू.

मला रडू आलं. खरं सांगते, एक्सेलच्या पोरांसमोर आलं, आणि मी त्यांना सांगितलं की डोळ्यात कोळशाची धूळ गेलीय. चंद्रपुरात ते कोणालाही पटतं.

दिवाळी जवळ आली. यंदा सर सुई-दोऱ्याचं नावही काढत नव्हते. अशात एका शनिवारी सुरेशच्या बायकोचा फोन आला, अर्थात स्पीकरवर. ती म्हाताऱ्याला मामाजी म्हणते. म्हणाली, मामाजी म्हणून राह्यले, सूत घेऊन ये. सरांनी तिला परत सांगायला लावलं. मग आणखी एकदा सांगायला लावलं. ती वैतागून म्हणाली, भाऊजी, सूत, सूत, जाळ्याचं सूत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सरांना गाडी येत नाही. गोंडपिपरीला माझी मावशी राहते, तिच्याकडे जायचंच होतं, म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवलं. सर मांडीवर पिशवी धरून बसले, पिशवीत सुई आणि रीळ. वाटेत जंगलाच्या पट्ट्यात लोक थांबलेले दिसले. पुढे रस्त्यात वाघ बसला होता. मग आम्हीही थांबलो. कोणाकडे तरी शेंगदाणे होते, ते सगळ्यांनी खाल्ले. दुसरा एखादा दिवस असता तर सरांनी तेवढ्यात वाघाचा साचा करून मांजरापर्यंत नेला असता. पण ते एवढंच म्हणाले, "वाघ बापाले इचारत नाई, मॅडम. मनून त्याले एकट्यानं राहा लागते." वाघ उठून गेल्यावर आम्ही निघालो.

गावात पोचलो तेव्हा म्हातारा अंगणात खाटेवर बसून होता. लकव्यातून उठलेला माणूस, पण नजर कडक. दवाखान्यात त्याचं तोंड कायम भिंतीकडे, त्यामुळे माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? सर म्हणाले, आमच्या क्लासातल्या मॅडम. म्हाताऱ्यानं विचारलं, जेवली का? आम्ही झिंग्याचा रस्सा आणि भात जेवलो. तोवर दोघा बापलेकांत एक शब्द झाला नाही. पिशवी खाटेच्या पायथ्याशी ठेवलेली होती. जेवण झाल्यावर सर तलावावर हात धुवायला गेले. घरात नळ होता, तरी तलावावर गेले.

म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, तो रोज फोन करते. मी म्हटलं, हो, मी रोज ऐकते, आणि तुम्ही एक शब्द बोलत नाही. थोडं तडकूनच म्हटलं, कारण गेली कित्येक वर्षं माझ्या मनात साचलं होतं.

"काय बोलू?" म्हातारा म्हणाला. "तो म्हणते, कामाले लागलो. मले तेवढंच आयकाचं रायते. मंग ठेवून देतो. त्याचा कामाचा टाइम असते."

मग मी विचारलं, आणि फेर? इतकी वर्षं का नाही घातला? म्हाताऱ्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"फेर घातला असता तं तो पाण्यात आला असता, माह्यासारखा. मले तो पाण्यात नोको होता, बाई. शिकून राह्यला होता." तलावाच्या दिशेनं बघत म्हणाला, "आता काय येते तो. केसं पिकले त्याचे. आता घातला तं चालते."

सर परत आले. म्हाताऱ्यानं मानेनं खांबाकडे खूण केली. खांबाला दोरी बांधून तिला एक कडी केलेली होती, बहुतेक सकाळपासूनच. सर कडीसमोर बसले. म्हातारा खाटेवरून कसाबसा उतरून त्यांच्या मागे बसला. उजवा हात नुसता लोंबत होता. सुरेशला वाटलं, म्हाताऱ्याला कशाला त्रास, म्हणून त्यानं मदतीला सुई उचलली. म्हाताऱ्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "आधी बाप, मंग आपण." तेव्हा मला कळलं की हे वाक्य पायथनचं नाही, या अंगणातलं आहे. सरांनी ते चंद्रपूरला येताना बरोबर नेलं होतं.

म्हाताऱ्यानं सुई सरांच्या हातात दिली आणि आपल्या डाव्या हातानं मागून त्यांचं उजवं मनगट धरलं. मग तो हात फिरवू लागला. दोरा कडीतून न्यायचा, वळवायचा, ओढायचा. गाठ सरांना येते, हे ते मला स्वतः म्हणाले होते. पण त्या दिवशी त्यांना काही येत नव्हतं. म्हातारा म्हणायचा, सोड, आणि सर गाठ सोडायचे. पुन्हा, म्हणायचा, आणि सर पुन्हा घालायचे. भानारकर सरांना कोणी एरर दाखवली तर ते आधी तिच्याशी वाद घालतात. तिथे ते नुसतं "हो बाबा, हो बाबा" म्हणत होते. सरांच्या पाठीला म्हाताऱ्याची छाती टेकली होती, आणि दोघांचेही डोळे कडीवर होते.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा फेर पूर्ण झाला. म्हातारा मनगट सोडून मागे सरकला. "आता तुह्यं तू," म्हणाला, आणि सुरेशच्या खांद्याला धरून खाटेवर जाऊन आडवा झाला. सरांनी तो फेर कडीतून सोडवला, दोन्ही तळहातांवर धरला, आणि माझ्या पिशवीतली वेणी ठेवायची प्लास्टिकची डबी मागून घेऊन तिच्यात ठेवला.

दिवस बुडायच्या आत जंगल पार करायचं होतं म्हणून लगेच निघालो. मावशीकडे जायचं राहिलं, ती अजून बोलत नाही माझ्याशी. गाडीवर मी सरांना म्हटलं, सर, सेल्फ समजला मला. फेर बाबांनी घातला, पण तुमच्या हातानं घातला. म्हणून तो तुमच्या जाळ्याला लागला, त्यांच्या नाही. सर मागून म्हणाले, बरोबर. पुढच्या बॅचले तुमीच शिकवा.

जंगल पार केल्यावर एका टपरीवर तर्री-पोहे खायला थांबलो. तिथे मी त्यांना म्हातारा काय म्हणाला ते सगळं सांगितलं. फोनचं सांगितलं, फेराचं सांगितलं, मले तो पाण्यात नोको होता, हेही जसंच्या तसं सांगितलं. पोऱ्यानं प्लेट आणून ठेवली. सरांनी चमचा घेतला आणि उजवीकडून खायला सुरुवात केली. मधूनही खाल्लं. मी दुसरीकडे बघत बसले.

सोमवारी सर वेळेवर आले, वरचं बटण लावलेलं. बॅच येऊन बसली होती. सरांनी दहाला फोन लावला. मी माझ्या खोलीत टायपिंगच्या पोरांना हात थांबवायला सांगितलं.

"बाबा, लागलो कामाले."

कोंबडा आरवला. कोणीतरी अंगण झाडत होतं. फोन ठेवल्याचा आवाज काही आला नाही. सरही ठेवेनात.

"फेर किती झाले?" पलीकडून आवाज आला.

सर चटकन उठून उभे राहिले. म्हणाले, "तेवढाच हाये, बाबा. कालचा."

"मंग कामाले काय लागला?" म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

मग त्यांनी पोरांना सांगितलं की जरा बसा, वाचत राहा. खालचा खण उघडल्याचा आवाज आला. मी टाचा उंच करून भिंतीवरून बघितलं. सरांनी खिडकीच्या गजाला दोरी बांधून कडी केली, डबीतून तो फेर काढून तिच्यात अडकवला, आणि मान खाली घालून दुसरा फेर घालायला बसले.

त्या दिवशी पायथनची बॅच अकराला सुरू झाली. मालक चौकशीला आले होते, त्यांना मी सांगितलं की सर नागपूरला गेलेत.